हात राखून

शंकेखोर : तुझा निर्णय जवळपास झालेला दिसतोय, म्हणून आडपडदा न ठेवता विचारतो. दीडशे हॉर्सपॉवरची टर्बो पेट्रोल सेडान तुला हवी तरी कशासाठी? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मर्यादा ताशी 100 किलोमीटरची, घाटात त्याहून बरीच कमी. समृद्धी महामार्गावर 120. बाकीच्या रस्त्यांवर खड्डे, वळणं आणि गावं तुला 80 च्या वर जाऊ देत नाहीत. हे सगळे वेग साधी, बिनटर्बोची गाडीही आरामात गाठते. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला मात्र आहे, आणि ते कागदावर मांडता येतं. चार मीटरपेक्षा लांब किंवा 1200 सीसीहून मोठ्या इंजिनाच्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. वर महाराष्ट्राचा रस्ता कर. दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला तो 12 टक्के पडतो, म्हणजे पंधरा लाखांच्या गाडीमागे 1 लाख 80 हजार रुपये गाडी दारात येण्याआधीच गेले. त्यात विमा धर, पाच-सात वर्षांचे हप्ते धर, आणि वापरात येणार नाही अशी ताकद धर. कशाचे पैसे मोजतोयस, एवढंच मला समजून घ्यायचंय.

हौशी : तू हिशेब कमाल वेगाचा करतोस, आणि माझी हौस वेगळ्या ठिकाणी आहे. टर्बोची खरी करामत इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांत दिसते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच आत येते. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर एक छोटं चक्र फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. वाया जाणाऱ्या धुराला असं कामाला लावायची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याचं पेटंट 1905 चं. आता आपल्या चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस घे. तिच्या दीड लिटर इंजिनाचा 250 न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला 1600 फेऱ्यांपासून 3500 फेऱ्यांपर्यंत हाताशी असतो. तेवढ्याच आकाराच्या बिनटर्बो इंजिनाचा टॉर्क 140-145 न्यूटन-मीटर, आणि तोही चार हजार फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर.

याचा अर्थ रस्त्यावर काय होतो ते सांगतो. गळिताच्या हंगामात कराडहून पाटणमार्गे चिपळूणला निघालास, की पुढे उसाचा ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. गाडीत चार माणसं, डिकी भरलेली आणि रस्ता चढाचा. समोरचा पट्टा मोकळा दिसला की साध्या इंजिनाला दोन गिअर खाली आणून आरडाओरडा करत पुढे काढावं लागतं. टर्बोत पाय थोडा दाबला की काम होतं, आणि चुकीच्या बाजूला राहण्याचा वेळ बराच कमी होतो. वेग या सगळ्यात 70-80 च्या वर जात नाही. महाबळेश्वरला चढताना हवा विरळ होते, साधं इंजिन दमतं. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. ज्या वेगांना कायद्याची परवानगी आहे, त्यांच्या आतच मला या ताकदीचा उपयोग आहे.

शंकेखोर : ट्रॉलीचं उदाहरण मला पटतं, आणि माझी भीती त्याच उदाहरणात आहे. गाडी जोरकस असली की मोकळ्या जागेचा तुझा अंदाज बदलतो. साध्या गाडीत ‘नको, पुढच्या वळणानंतर बघू’ म्हणून तू थांबला असतास, तिथे आता ‘निघेल’ म्हणून बाहेर पडशील. चुकीच्या बाजूला तू कमी वेळ राहशील, पण जाशील जास्त वेळा. 1980 च्या दशकात म्युनिकमध्ये टॅक्सींवर एक अभ्यास झाला. काही गाड्यांना एबीएस ब्रेक, काहींना साधे. चांगल्या ब्रेकच्या टॅक्सींचे अपघात कमी होतील असं वाटलं होतं, ते झाले नाहीत. ते चालक जास्त जोरात चालवायला लागले होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता माणसाने वेगात खर्च करून टाकली. तू वेगळा वागशील याला आधार काय? देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं गेली, आणि केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे त्यांतले 71 टक्के मृत्यू अतिवेगाचे. त्या प्रत्येक चालकाला ‘निघेल’ असंच वाटलं असणार.

हौशी : हा आकडा मी हलका घेत नाही. पण त्यात कोण कोण आहे तेही बघ. अतिवेग म्हणजे दीडशे हॉर्सपॉवर, असं समीकरण नाही. ब्रेक घासलेला मालवाहू ट्रक, झोप अनावर झालेला ट्रॅव्हल्सचा चालक, हेल्मेटशिवाय ट्रिपल सीट निघालेली मोटरसायकल, हे सगळे त्या 71 टक्क्यांत आहेत. 100 चा वेग आज कुठलीही गाडी गाठते. प्रश्न असा आहे की 100 वर ती कशी वागते आणि 100 वरून थांबते कशी. चांगली स्पोर्ट्स सेडान यासाठीच बांधलेली असते. बैठक खाली, वजनाचा मध्य खाली, सस्पेन्शन घट्ट, स्टिअरिंग हाताला खरं काय चाललंय ते सांगणारं. आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त एसयूव्ही आहेत. उंच, जड, वळणावर झुकणाऱ्या. त्यांच्या मालकाला कुणी ‘कशासाठी’ विचारत नाही. ती कुटुंबाची गाडी समजली जाते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये दाखवून दिलं की चाळीस इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने धडक दिली, तर ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीच्या तुलनेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे 45 टक्क्यांनी जास्त असते. तुला पादचाऱ्याची काळजी असेल, तर माझ्या ठेंगण्या सेडानआधी त्या उंच गाड्यांना जाब विचार.

शंकेखोर : त्यांनाही विचारेन. पण दुसऱ्याचं बॉनेट उंच आहे म्हणून तुझा वेग निर्दोष ठरत नाही. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. 80 वरून 100 वर गेलास, म्हणजे वेग पाव पटीने वाढला आणि धडकेतली ऊर्जा 56 टक्क्यांनी. व्हर्टसला एप्रिल 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले, हे तू मला अभिमानाने सांगितलं होतंस. ते तारे गाडीत बसलेल्यांचे आहेत. त्याच 2022 च्या आकडेवारीत मेलेल्यांपैकी जवळपास 45 टक्के दुचाकीवर होते आणि साडेएकोणीस टक्के पायी. म्हणजे तीनातली जवळजवळ दोन माणसं अशी, की ज्यांच्याभोवती पत्राही नव्हता आणि एअरबॅगही नव्हती. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेखाली दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. हौस एकाची आणि धोका दुसऱ्याच्या अंगावर, ही वाटणी मला खुपते. तुझ्या गाडीचा जोर तुझ्याच जिवावर बेतत असता, तर मी एवढं बोललोही नसतो.

हौशी : कल्याणीनगरची आठवण तू काढलीस, तर पुरती काढ. तिथे आरोप होता तो अल्पवयीन मुलाच्या हाती, दारूच्या अमलात गाडी असण्याचा. ती गाडी विजेवर चालणारी होती. टर्बोचा तिथे संबंध नव्हता. तरी तुझा मूळ मुद्दा मला मान्य आहे. धोक्याची वाटणी सारखी नाही. म्हणूनच असली गाडी घेणाऱ्यावर साध्या गाडीच्या मालकापेक्षा जास्त जबाबदारी येते, आणि असली गाडी ती जबाबदारी शिकवतेही, असा माझा विश्वास आहे. कसं ते ऐक. टर्बोचं चक्र मिनिटाला दीड लाखांच्या आसपास फेऱ्या घेतं. त्याच्या एका बाजूला आठ-नऊशे अंश तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधल्या दांड्याला आधार तेलाच्या पातळ थराचा. सकाळी गाडी काढली की काट्यावर पाण्याचं तापमान 90 दिसतं, पण तेल तेवढं तापायला आणखी काही किलोमीटर जावे लागतात. तोवर पाय हलका ठेवायचा. घाट चढून वर आलास, की लगेच चावी फिरवायची नाही. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश यायचं, म्हणजे टर्बो थंडावतो. तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच, आणि बदलायचं वेळेच्या आधी, उशिरा कधीच नाही. टायरची हवा दर पंधरवड्याला, टायर थंड असताना. हे सगळं करणारा माणूस आपल्या यंत्राकडे लक्ष देतो, आणि यंत्राकडे लक्ष देणारा रस्त्याकडेही देतो. आपल्या रस्त्यांवरची माणसं बेपर्वाईने मरतात. लक्ष देऊन चालवणारे वाढले, तर त्यात वाईट काय?

शंकेखोर : लक्ष देण्याबद्दल तू बोललास ते मला आवडलं. मी चालवतो त्या गाडीचं तेल शेवटचं कधी बदललं ते मला सांगता येणार नाही, आणि माझ्यासारखेच बहुतेक आहेत. पण असल्या गाडीचा प्रत्येक मालक तुझ्यासारखा असतो का? मी तर उलटं पाहतो. गाडी घेतल्याच्या वर्षभरात ‘स्टेज वन’ची भाषा सुरू होते. लॅपटॉप लावून इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलायची, टर्बोचा दाब वाढवायचा, आणि 150 चे 190 करायचे. वॉरंटी जाते, विम्याचा दावा अडकू शकतो, आणि क्लच, ब्रेक, टायर मात्र तेच राहतात. शिवाय हे दुचाकी हाती आलेल्या पोराचं काम नाही. चाळिशीतली, शिकलेली माणसं ते करतात. कारण उघड आहे. गाडीत जोर आहे हे एकदा कळलं, की आणखी किती आहे हे बघावंसं वाटतं. तू शिस्त म्हणतोस तिच्या शेजारीच हा मोह राहतो, आणि शोरूममधला विक्रेता शिस्त विकत नाही, तो मोह विकतो. जाहिरातीत गाडी ओल्या, मोकळ्या घाटात एकटीच पळत असते. समोरून येणारी एसटी त्या जाहिरातीत कधी दिसते का?

हौशी : असल्या रिमॅपिंगबद्दल माझं मत तुझ्याइतकंच कडक आहे. कारखान्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांचा मेळ घालून जो आकडा ठरतो, तो मोडायचा तर पूर्ण गाडीचा विचार करावा लागतो, आणि तो कुणी करत नाही. जाहिरातींबद्दलही वाद नाही. पण मोह आहे म्हणून वस्तूच टाकायची, हा न्याय मला मान्य नाही. या गाड्यांमागे शंभर वर्षांचं अभियांत्रिकी शहाणपण आहे, आणि त्यातला एक तुकडा महाराष्ट्रातही घडला. स्कोडाने 2001 मध्ये औरंगाबादच्या शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जुळवायला सुरुवात केली. 2004 मध्ये ऑक्टाव्हिया आरएस आली, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 हॉर्सपॉवर. त्या काळी आपल्याकडे टर्बो पेट्रोल सेडान म्हणजे जवळपास तीच. आज तेवढीच ताकद दीड लिटरमधून मिळते, आणि भार कमी असला की त्या इंजिनातली चारपैकी दोन सिलिंडरं आपोआप विश्रांती घेतात. समृद्धीवर एका लयीत 90 ने चाललास, तर समोरच्या पडद्यावर ती खूण दिसते आणि सरासरी बघून समाधान वाटतं. जोर हवा तेव्हा आहे, नको तेव्हा गाडी काटकसर करते. याला मी उधळपट्टी कसं म्हणू?

शंकेखोर : मग काटकसरीचं पुढचं पान उलट. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा, म्हणजे सरासरी घसरणार. शहरात तुझा सात गिअरांचा ड्युअल क्लच खोळंबलेल्या वाहतुकीत रांगत राहणार. कोरडा क्लच असा घसरत चालला की तापतो आणि झिजतो, आणि दुरुस्तीचं बिल साध्या ऑटोमॅटिकसारखं नसतं. लो-प्रोफाइल टायर खड्ड्यात आपटला की कडेला फुगा येतो आणि टायर टाकावाच लागतो. गावोगावचे गतिरोधक कुणी मापात बांधत नाही, तेव्हा ठेंगण्या गाडीचं पोट घासणं ठरलेलं. आणि मुख्य शंका ही. तुला हवाय तो खालच्या फेऱ्यांतला जोर विजेच्या गाडीत शून्य फेऱ्यांपासून मिळतो. टर्बोची वाट बघावी लागत नाही, तेल नाही, क्लच नाही. तुझा युक्तिवाद टॉर्कवर उभा असेल, तर तू विजेची गाडी घ्यायला हवीस.

हौशी : इथेनॉलची दुसरी बाजूही आहे. त्याचा ऑक्टेन जास्त असतो, आणि बाष्प होताना ते आतली हवा थंड करतं. दाबाखाली चालणाऱ्या टर्बो इंजिनाचा मोठा शत्रू नॉकिंग, म्हणजे ज्योत पोचण्याआधीच इंधन आपोआप पेटणं. तिथे इथेनॉल मदतच करतं. अट एवढीच की गाडी त्या इंधनासाठी बनलेली हवी. सरासरी घसरते, हे खरं. क्लचबद्दल तुझं बरोबर आहे; रोज दोन तास कोंडीत काढणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, असं मीही सांगेन. घ्यायचीच तर हाताच्या गिअरची घ्यावी. विजेच्या गाडीचा मुद्दा सगळ्यात भारी आहे आणि मी तो टाळणार नाही. निव्वळ जोर हवा असेल तर ती पुढे आहे. मला मात्र जोर कसा येतो तेही हवं असतं. 1500 फेऱ्यांना इंजिन थोडं थांबतं, 1800 ला श्वास भरतं, अडीच हजारांना पाठीला हात लावून पुढे नेतं. घाटात तिसरा गिअर ठेवायचा की दुसरा टाकायचा, याचा निर्णय वळण दिसायच्या आधी घ्यावा लागतो. तो बरोबर आला की जे समाधान मिळतं, त्यात वेगाचा वाटा थोडा आणि कौशल्याचा मोठा असतो. ही इंजिनं फार वर्षं राहणार नाहीत. ती चालू आहेत तोवर एखादं नीट सांभाळून चालवावं, असं मला मनापासून वाटतं.

शंकेखोर : आता तू माझ्या पैशाच्या हिशेबाला खरं उत्तर दिलंस. गरज नाही, आनंद आहे. आणि आनंद हे पुरेसं कारण आहे, हे मी मान्य करतो. पण मग एक कसोटी लावतो. युरोपात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत रस्त्याची वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. चालक ती मोडून पुढे जाऊ शकतो. आपल्याकडे 2019 पासून 80 ला टुणटुण वाजतं आणि 120 नंतर सलग वाजत राहतं. कान बंद केले की झालं. समज, उद्या कायदा आला की गाडी त्या त्या रस्त्याच्या मर्यादेपुढे जाणारच नाही, आणि ही सोय कुणालाही बंद करता येणार नाही. तुझा सगळा आनंद मर्यादेच्या आतला आहे, असं तू म्हणालास. मग त्या कायद्याला तुझा पाठिंबा आहे?

हौशी : लगेच ‘हो’ म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं. माझं मन अडतं ते माझ्याच ट्रॉलीपाशी. समोरून अचानक ट्रक आला आणि दोन सेकंदांसाठी मर्यादेपेक्षा दहा जास्त लागले, तर यंत्राने तेव्हा पाय बांधू नये असं वाटतं. पण तू लगेच म्हणशील की तो दहाचा आधार गृहीत धरूनच मी ट्रॉलीला वळसा घालायला निघालो होतो. त्यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. माझा भरवसा माझ्या सवयीवर आहे. तेल तापेपर्यंत पाय हलका ठेवणारा माणूस गावातून जातानाही हात राखून चालवेल, असं मला वाटतं. वेगाची हौस भागवायची तर कोइमतूरचा करी ट्रॅक आहे, चेन्नईजवळचा ट्रॅक आहे. ते लांब आहेत, आणि साधा विमा असल्या वापराला संरक्षण देत नाही, हे माहीत आहे. तरी ती त्या हौसेची प्रामाणिक जागा आहे. आणखी ट्रॅक व्हावेत अशी मागणी आम्ही हौशी लोकांनीच लावून धरायला हवी.

शंकेखोर : तुझ्या सवयीवर माझाही विश्वास बसतोय. पण सवय तुला ठाऊक असते. एसटीच्या थांब्यावर रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या बाईला ती ठाऊक नसते. तिच्यापर्यंत पोचतो तो फक्त तुझ्या गाडीचा वेग. तिने तुझ्या संयमावर भरवसा ठेवून रस्त्यात पाऊल टाकावं, असं तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही.

हौशी : माझीही रेटत नाही. म्हणून असली गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी स्वतःला विचारा : ही गाडी मर्यादेच्या वर कधीच जाणार नाही असं ठरलं, तरीही ती हवी आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल घ्या, जपा आणि चालवा. ‘नाही’ असेल तर तुम्हाला जे हवं आहे ते सार्वजनिक रस्त्यावर मिळत नाही.

शंकेखोर : आणि ‘हो’ म्हणणाऱ्याने तो शब्द पाळला की नाही, हे सही करताना तपासायची सोय आज कुणाकडेही नाही.